कारीगरच्या खुर्चीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आठ वर्षं झाली. वेळ आली नाही असं म्हणालो तर तेही खोटंच होईल – वेळ खूपदा आली, समोर येऊन बसली, चहा पिऊन गेली. मी गप्प राहिलो. मूळचाच मी कमी बोलणारा. शिंदखेड्याला आमच्या घरात सगळेच तसे. त्याचा एक फायदा असतो. गप्प माणूस काही लपवतोय असं कुणाला वाटत नाही. स्वभावच आहे त्याचा, म्हणतात आणि सोडून देतात.

आधी धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू? धंद्याचं सांगणं सोपं आहे, म्हणून तिथून सुरुवात करतोय.

धुळ्यात देवपूर भागात माझा कॉम्प्युटर क्लास होता. दुकानाच्या वरची एक खोली, पाच मशिनं. आधी टायपिंगची पोरं यायची, मग परीक्षेची, मग घरोघरी मोबाइल आले आणि खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. त्याच सुमारास एका ओळखीच्याने मला एक ऑनलाइन गेम दाखवला. जगभरातले लोक एकाच वेळी खेळतात असा. त्यात डोंगर, गावं, बाजार, प्रत्येकाचं एक पात्र, आणि त्या जगाची स्वतःची सोन्याची नाणी. नाणी मिळवायची तर राक्षस मारावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. परदेशात ज्यांच्याकडे वेळ नाही ते लोक ती नाणी खऱ्या पैशाने विकत घेत. मध्ये एक दलाल. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही. गेम चालवणाऱ्या कंपनीला हा व्यवहार मान्य नव्हता. विकताना सापडलं की खातं कायमचं बंद.

आमचं काम एका गुहेत चालायचं. तिथे एक राक्षस निघे – कधी अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी, नेम नाही. त्याच्याकडून एक लाल खडा मिळे, आणि तो खडा त्या बाजारात चांगल्या भावाने जाई. राक्षस मारायला दोन मिनिटं. बाकी सगळा दिवस नुसती वाट बघणं. नजर हटली की दुसराच कुणी मारून मोकळा. आमची दुपार म्हणजे तिकडची रात्र, तेव्हा गुहेत गर्दी कमी. म्हणून धुळ्याची खोली या धंद्याला बरी. एकदा आबा गावाहून आले होते. माझे वडील. तासभर मागे बसून बघत राहिले आणि अहिराणीत म्हणाले, "दिनभर त्या राक्षसनी वाट देखतस, तो उना का मारतस, मंग परत वाट देखतस. हाऊ कोनता धंदा शे रे भाऊ?" मी हसलो आणि पुढच्या राक्षसाची वाट बघायला लागलो.

या कामाला मी तीन माणसं ठेवली. दोघं जण पदवी घेऊन नोकरी न लागलेले. तिसरे रफीकभाई.

हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव इथे लिहायची माझी हिंमत नाही – हेही आत्ताच सांगून टाकतो.

रफीकभाई यंत्रमागावर काम करायचे. त्यांच्या मालकाने माग भंगारात काढले, तेव्हा त्यांना बावीस वर्षं झाली होती त्या कामात. त्यांची मुलगी माझ्या क्लासला होती. एक दिवस तिला न्यायला आले, तिचं आटपेपर्यंत मागे उभे राहून पडद्याकडे बघू लागले. राक्षस निघाला तेव्हा आमच्या दोघांपैकी एक जण डुलक्या घेत होता. रफीकभाईंनी मागून त्याच्या खांद्यावर टपली मारली – "निकला, निकला." मी त्यांना तिथल्या तिथे विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माऊस धरता येत नव्हता. पण बावीस वर्षं जो माणूस चार मागांच्या मध्ये उभा राहून धागा कधी तुटतो याचीच वाट बघत आला, त्याला मी वाट बघायला काय शिकवणार? पंधरा दिवसांत ते आमच्यातले सगळ्यात भरवशाचे झाले.

बाकी पात्रं मी बनवलेली, त्यांना नावाऐवजी नुसते आकडे होते. रफीकभाईंनी मात्र आपलं पात्र मुलीकडून बनवून घेतलं आणि त्याला नाव दिलं – कारीगर. मागावाले स्वतःला कारीगरच म्हणतात. चार वर्षं त्यांनी ते पात्र वाढवलं. घरी मुलीला सांगायचे, आज कारीगरने हे केलं, ते केलं. जसं काही घरात एक भाऊ आहे आणि तो कामाला जातो.

मागावरची एक रीतही त्यांनी आमच्या खोलीत आणली. कारखान्यात एक जण पाण्याला किंवा नमाजला उठला की शेजारचा त्याचे माग बघतो. विचारायचं नसतं, नुसता हात वर करायचा. रफीकभाई उठताना शेजारच्या खुर्चीच्या पाठीला हात लावायचे आणि म्हणायचे, "देखना, भाऊ." की झालं. तेवढा वेळ तुमची नजर दोन पडद्यांवर. धागा तुटला तर तो तुमच्या हाताखाली तुटला. आम्ही सगळेच तसं करायला लागलो होतो. चांगली रीत होती.

आता गुहेतल्या रांगेबद्दल सांगायला हवं. तिथे आम्ही एकटे नव्हतो. इतर देशांतले खरे खेळणारेही तो राक्षस मारायला येत. त्यांनी आपसांत बारी ठरवली होती – जो आधी आला त्याचा पहिला राक्षस, पुढच्याचा पुढचा. कंपनीचा असा नियम नव्हता. लोकांनीच पाळलेली गोष्ट. पाण्याच्या बारीसारखी. यादी ठेवायचा एक म्हातारा, कुठल्या तरी थंड देशातला, त्याचं पात्र तिरंदाजाचं. त्याचं आणि रफीकभाईंचं जमलं. रफीकभाईंची इंग्रजी म्हणजे चार शब्द, पण रोज गुहेत गेल्यावर हे त्याला सलाम टाकणार, तो यांना. म्हाताऱ्याला दुकानात वगैरे जायचं असलं की तो यादी कारीगरकडे देऊन जायचा. त्या जगात, सांगतो, हा मोठा मान होता.

आणि मला तो खुपायला लागला.

कारण बारी पाळली तर दिवसाला चार खडे. मोडली तर दहा. एका वेळी तिघांनी मिळून हल्ला केला तर एकट्या माणसाची बारी हिसकावता यायची. मी रफीकभाईंना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, बारी उसकी है." एवढंच. वाद नाही, आवाज चढवणं नाही. मी मालक आणि ते कामाला, तरी दोन्ही वेळा माघार मीच घेतली. मग त्या आठवड्यात मी त्यांना वगळून, बाकी दोघांना आणि स्वतःला घेऊन बारी मोडायला लागलो. बुधवारी मोडली, गुरुवारी मोडली. म्हाताऱ्याने आम्हाला शिव्या दिल्या. रफीकभाई आपल्या पडद्याकडे बघत बसले. माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

मग शुक्रवार.

मागावाल्यांची सुट्टी शुक्रवारी. रफीकभाई शुक्रवारीही यायचे, फक्त दुपारी जुम्माच्या नमाजला तासभर जायचे. बाकीचे दोघं जेवायला घरी गेलेले. खोलीत मी एकटा. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावला – आदल्या दिवशीचा अबोला असूनही लावला – आणि म्हणाले, "देखना, भाऊ." मी मान हलवली आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

वीसेक मिनिटं गेली असतील. गुहेत मास्तर आला. कंपनीची माणसं गेममध्ये पांढऱ्या झग्यातलं पात्र घेऊन तपासाला येत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. तक्रार गेली होती. आमच्या तीन आकडेवाल्या पात्रांची. मास्तर कारीगरसमोर येऊन उभा राहिला. कदाचित म्हाताऱ्यानेच सांगितलं असेल की याला विचारा, हा खरं बोलतो. त्याने विचारलं – इथे कोण टोळीने येऊन नाणी विकतं, तुला काही माहीत आहे का?

मी किती वेळ त्या वाक्याकडे बघत होतो? मला वाटलं, तास गेला. मिनिटसुद्धा गेलं नसेल.

मला काय दिसत होतं ते सांगतो. उत्तर नाही दिलं तर मास्तर आकडेवाल्या पात्रांची खाती उघडणार. ती उघडली की माझं मोठं खातं दिसणार, जिथे सगळ्यांची नाणी जमा व्हायची. मग सगळंच गेलं – खोली, माणसं, हप्ते. माहीत नाही म्हणावं, तर तो बघणारच. काही तरी त्याच्या हातात द्यायला हवं होतं.

मी कारीगरच्या खुर्चीत बसून, कारीगरच्या नावाने लिहिलं – मी विकतो. मी एकटाच विकतो. ते तिघे माझ्या सांगण्यावरून आले, त्यांना काही माहीत नाही.

आयुष्यात मी पहिल्यांदा कबुली दिली ती अशी. दुसऱ्याच्या तोंडाने.

मास्तरने आभार मानले. खरंच मानले. पाच मिनिटांनी पडदा काळा झाला आणि मधोमध एक इंग्रजी नोटीस आली. तुम्ही स्वतः दिलेल्या कबुलीवरून हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे, असं काहीसं. आकडेवाली तिघं वाचली. मोठं खातं वाचलं. माझा हिशेब बरोबर निघाला होता.

रफीकभाई आले. टोपी घडी करून खिशात घालत होते. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "क्या लिखा है, भाऊ?"

इथे थांबता आलं असतं मला. एवढं एक वाक्य जसं होतं तसं वाचायचं होतं. मी वाचलं – मास्तर आला होता, त्याने तीनदा विचारलं, जागेवर कुणी नव्हतं, म्हणून खातं बंद. आणि मी? मी जिन्यात होतो, दलालाचा फोन आला होता. हे सगळं सांगताना मी अडखळलोसुद्धा नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला खोटंही थोडक्यात जमतं.

मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. मागाच्या रितीप्रमाणे दोष माझाच होता. बघायला मला सांगितलं होतं, जिन्यात मी गेलो होतो. मी तर मनात शिव्या खायची तयारी केली होती. खोट्या दोषाबद्दल खऱ्या शिव्या खाल्ल्या की थोडं तरी फिटेल, असं काहीतरी. पण रफीकभाई म्हणाले, "नहीं भाऊ, माग मेरा था. उठनाच नहीं था मेरे को."

मग त्यांनी माझी माफी मागितली. तक्रारीच्या दिवसांत उठून गेलो, तुमचं नुकसान केलं म्हणून. मी म्हणालो, होतं असं. जाऊ द्या.

जाऊ द्या!

त्यांना मी दुसरं पात्र दिलं, आकड्याचं. त्यानंतर ते उठेनासे झाले. पाणी जागेवर, डबा जागेवर. पुढच्या शुक्रवारी दुपार झाली, अजान ऐकू आली, ते पडद्याकडेच बघत राहिले. मी म्हटलं, जाऊन या ना, मी बघतो. ते म्हणाले, "नको भाऊ. एक बार देख लिया." त्यानंतरच्या शुक्रवारी मी विचारलंही नाही. जवळजवळ वर्षभर तो माणूस जुम्माला गेला नाही, आणि मी दोन हात लांब बसून होतो.

आता जे सांगतोय ते आत्तापर्यंतच्या सगळ्यापेक्षा वाईट आहे. मला ते सोयीचं झालं. आकड्याचं पात्र घेतल्यापासून रफीकभाई बारीबद्दल बोलेनासे झाले. ज्याला आपलीच जागा सांभाळता आली नाही त्याने दुसऱ्याला बारी कशी शिकवायची – असं त्यांना वाटत असावं. आम्ही रोज बारी मोडायला लागलो. तेही मोडायला लागले. वर मी असं लिहिलंय, जसं काही ते सगळं नुसत्या भीतीने केलं. भीती होतीच. पण खाती वाचवायची होती तर माझ्या आकड्यांपैकी एकाचा बळी देता आला नसता का? एकाने सगळं अंगावर घेतलं तर बाकीची वाचत होती – मग ते एक कारीगरच का? हा प्रश्न मी स्वतःला पहिली दोन वर्षं विचारलाच नाही. उत्तर माहीत होतं म्हणून विचारला नाही. खोलीत एक माणूस होता ज्याच्यापुढे मला लाज वाटायची. मला तो नको होता. माणूस हवा होता – त्याची नजर हवी होती, हात हवे होते – पण तो कारीगर नको होता.

आणखी एक राहिलं. त्या शुक्रवारनंतर आठवड्याभराने तिरंदाज म्हातारा गुहेत माझ्या पात्राजवळ आला. आम्ही कारीगरबरोबरचे एवढं त्याला कळलं होतं. त्याने लिहिलं – कारीगरला सांगा, त्याने जे कबूल केलं म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. त्याला सांगा, यादीत त्याचं नाव मी काढलेलं नाही. मी ते वाचलं. सांगणार कसं? कबुली झाली होती हेच रफीकभाईंना माहीत नव्हतं. म्हातारा आणखी काही दिवस विचारत राहिला, मग यायचा बंद झाला. त्याचं नाव, गाव, काही मला माहीत नाही. तो निरोप अजून माझ्यापाशी आहे.

पुढे कंपनीने गेमचे नियम बदलले, राक्षसाची किंमत राहिली नाही, खोली बंद झाली. रफीकभाई पुन्हा मागावर गेले. मी जळगावला आलो, बायकोच्या माहेरी. आता स्टँडच्या बाजूला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. लोकांना सांगितलं, धुळ्यात धंदा राहिला नाही. खरं म्हणजे रफीकभाईंच्या रस्त्यावरून मला जाता येत नव्हतं. आणि झालं काय? त्यांच्या मुलीचं लग्न झालं ते जळगावातच. आता महिन्या-दोन महिन्यांनी ते एरंडोलमार्गे एसटीने येतात, मुलीकडे जाण्याआधी माझ्या दुकानात बसतात. ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो. बायको म्हणते, एवढा जीव लावणारा माणूस आहे, आणि तुम्ही त्यांच्याशी धड दोन शब्द बोलत नाही. मी डबा धुऊन परत देतो. रिकामा देऊ नये म्हणून ती त्यात साखर घालते.

गेल्या खेपेला आले तेव्हा सहज एक गोष्ट सांगत होते. त्यांच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या कमिटीने त्यांना शाळेची देखरेख करायला बोलावलं होतं. सगळ्यांनी मिळून त्यांचंच नाव घेतलं. यांनी नाही म्हटलं. मी विचारलं, का? तर हसले. म्हणाले, "मैं बोला, मेरे को मत बिठाओ. मैं ऐन टाइम पे उठनेवाला आदमी." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले – आपल्या दोघांचीच गोष्ट असल्यासारखे.

मी हसलो. समोरच्या माणसाचा फॉर्म भरत होतो, तो भरत राहिलो.

इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांचं एक खातं गेलं. खेळातलं खातं, त्याचं काय एवढं. त्या दिवशी कळलं की आपल्याबद्दलचं ते एक वाक्य मी त्यांना दिलं, आणि ते अजून त्याच वाक्यात राहतात. बाहेर यायचं दार माझ्याकडे आहे, हे त्यांना माहीतसुद्धा नाही. मला माहीत आहे, आणि तरी मी ते उघडत नाही. काय होईल उघडलं तर? शिव्या देतील? देणार नाहीत. म्हणून तर उघडवत नाही.

हे मी मराठीत लिहितोय. रफीकभाई मराठी उत्तम बोलतात, पण वाचायला त्यांना जड जातं, ते उर्दू वाचणारे. हे मला लिहायला बसताना ठाऊक होतं. म्हणजे पुन्हा मी त्यांच्यासमोर अशीच नोटीस ठेवतोय, जी त्यांना वाचता येणार नाही. हेही नोंदवून ठेवतो.

मी रफीकभाईंना देणं लागतो ते इतकंच – त्यांच्या तोंडावर, त्यांना कळेल अशा भाषेत हे सांगणं, की त्या शुक्रवारी खुर्ची रिकामी नव्हती, तिच्यात मी बसलो होतो, आणि लिहिलं ते मी. ते मी अजून दिलेलं नाही.